आजीबाईंच्या नावाचे अक्षर

जपानी भाषेतले एक अक्षरही मला वाचता येत नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. नाहीतर हा लेख वाचून एखादा उत्साही वाचक दिवाळीच्या फराळाबरोबर चार जपानी पत्रेही उलगडून घ्यायला माझ्याकडे यायचा! मी मराठीचा मास्तर. माझी धाव फार तर मोडीपर्यंत. तरीही गेल्या आषाढात लागोपाठ तीन रात्री मी घरच्या संगणकाला जपानी लिहायला शिकवीत बसलो होतो, आणि त्याला कारणही तसेच घडले होते.

आमची भाची पुण्याला जपानी शिकली आणि नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षे नागोयाला राहून आली. तिथे एका वृद्ध विधवा बाईंच्या माडीवरची खोली तिने भाड्याने घेतली होती. पहिल्याच हिवाळ्यात पोरगी तापाने फणफणली. आईबाप इकडे, ओळखीचे कोणी नाही. तेव्हा या बाई गुडघे धरीत धरीत जिना चढून येत आणि तिला तांदळाची पेज भरवीत. वर खारवलेले आंबट आलुबुखार. (जगाच्या पाठीवर कुठेही जा, आजाऱ्याच्या नशिबी पेज आणि लोणचे ठरलेलेच!) तेव्हापासून भाची त्यांना 'ओबाआसान' म्हणू लागली. म्हणजे आजी. यातला 'आ' दीर्घ ओढायचा; तो ऱ्हस्व केला की 'ओबासान', म्हणजे मावशी किंवा काकू होते. "सर, ऱ्हस्वदीर्घाने असे काय बिघडते?" म्हणून दरवर्षी मला विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आता मी हेच उदाहरण देतो.

तर या आजीबाई वारल्या. त्यांच्या मुलाने चार ओळींत कळविले. भाची सध्या नोकरीसाठी डोंबिवलीला आमच्याकडेच असते. तिने बातमी वाचली, आणि रात्री जेवताना एवढेच म्हणाली, "मामा, मला पत्र लिहायचंय. कागदावर. नीट."

आता तुम्ही म्हणाल, मग बसावे आणि लिहावे. पण इथेच तर पंचाईत होती. दोन वर्षे जपानी लिहिले ते सगळे यंत्रावर. वाचायला येते, बोलायला येते, पण कागदावर लेखणी टेकली की अक्षर अर्ध्यावर अडते. खुद्द जपानी माणसांचीही हीच रड आहे. 'वापुरो-बाका' असा एक शब्दच त्यांनी काढला आहे. यंत्रावर लिहून लिहून हाताने लिहायला विसरलेला तो मठ्ठ! तेव्हा बेत असा ठरला, की पत्र आधी संगणकावर जुळवायचे, मोठ्या टाइपात छापून घ्यायचे आणि समोर ठेवून हाताने उतरवून काढायचे. ऑफिसचा संगणक खाजगी पत्राला वापरणे तिला प्रशस्त वाटेना. राहता राहिला आमचा. त्याला मराठी येते आणि इंग्रजी येते. जपानीचा त्याला गंध नव्हता.

काम तसे सोपे असते. सेटिंग्जमध्ये जावे, 'वेळ आणि भाषा' उघडावे, भाषांच्या यादीत जपानी जोडावी; यंत्र आपले आपण हवे ते उतरवून घेते. एक काळ असा होता की एवढ्याचसाठी विंडोज एक्सपीची तबकडी शोधावी लागे, आणि 'पूर्व आशियाई भाषांसाठी २३० मेगाबाइट जागा लागेल' अशी तंबी पडद्यावर झळके. त्या मानाने आता चैनच. पण शहाणपण वयाबरोबर येते असे थोडेच आहे? जोडणी करताना खाली एक चौकोन होता: 'ही विंडोजची प्रदर्शन-भाषा करा.' मी विचार केला, जपानी दिसायला हवीच आहे की! टिचकी मारली. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला तो आपादमस्तक जपानी होऊनच. दिनांक जपानी, सूचना जपानी, आणि हे सारे परत फिरवायचे कुठून, तेही जपानीत. भाची ऑफिसातून येईपर्यंत मी परक्या गावात चुकलेल्या पाहुण्यासारखा पडद्याकडे बघत बसलो. सौभाग्यवतींनी चहा दिला आणि "तुम्हांला तिकडेच धाडायला हवं होतं" एवढीच टीका केली. तात्पर्य, तो चौकोन रिकामा ठेवावा.

दुसऱ्या रात्री प्रत्यक्ष लिहिणे सुरू झाले. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबले की यंत्र एका भाषेतून दुसरीत जाते. खालच्या पट्टीत इंग्रजी 'ए'च्या जागी त्यांचा 'आ' दिसला की समजावे, गाडी योग्य रुळावर आहे. पुढे रोमन अक्षरे दाबायची: 'के' आणि 'ए' मिळून 'का'. आपणही पुष्कळजण मराठी असेच लिहितो, तेव्हा मला वाटले, यात विशेष ते काय! भाचीने 'नमस्कार' लिहून दाखव म्हणून 'कोन्निचिवा' सांगितले. मी ऐकले तसे लिहिले. चूक. शेवटचा 'वा' लिहिताना तो 'हा' असा लिहायचा. दुरुस्त केले. पुन्हा चूक! मध्ये 'एन' दोनदा नाही, तीनदा दाबायचा. पहिल्या दोहोंचा मिळून एक 'न्' होतो, तिसरा पुढच्या 'नि'चा. ही कुरकुर मला आधी फाजील वाटली. मग तिने दोन शब्द दाखविले. 'किनेन' म्हणजे स्मरण, स्मारक. आणि 'किन-एन' म्हणजे धूम्रपानास मनाई. फरक एका जादा 'एन'चा. शोकपत्रात 'आपल्या आईच्या स्मरणार्थ'ऐवजी 'धूम्रपान करू नये' असे जायला कितीसा वेळ?

पण खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. आपली लिपी उच्चाराची. 'कमळ' उच्चारले, 'कमळ' लिहिले, काम संपले. जपानीत तिथे काम निम्मेच होते. उच्चार लिहिण्यासाठी त्यांच्याकडे हिरागाना आणि काताकाना अशा दोन वर्णमाला आहेत. पण वाक्यातले बहुतेक नाम-धातू चीनकडून आलेल्या कांजी चिन्हांत लिहितात, आणि तिथे एका उच्चारामागे अनेक चिन्हे दाटीवाटीने उभी असतात. म्हणून उच्चार लिहून झाला की स्पेसबार दाबायचा. यंत्र एक चिन्ह पुढे करते. पसंत नसेल तर पुन्हा दाबा, यादी उघडते. तीतून निवडायचे आणि एंटर दाबायचे. जपानी लोकांत यावर एक गमतीचे वाक्य प्रसिद्ध आहे: 'आपल्या कंपनीचा बातमीदार आगगाडीने कंपनीत परतला.' यातली कंपनी, बातमीदार, आगगाडी आणि परतणे, चारही शब्दांचा उच्चार एकच, 'किशा'! कान चारही ठिकाणी तेच ऐकतो, डोळ्याला मात्र चार वेगळ्या गोष्टी दिसतात. यंत्राने काय करावे?

हाच प्रश्न तिथल्या इंजिनियरांनी पुष्कळ वर्षे उराशी धरला होता. त्याआधी १९१५ साली सुगिमोतो क्योता यांनी जपानी टंकयंत्र बनविले होते. त्यात कळफलक नव्हताच. सुमारे २,४०० खिळ्यांचे एक ताट होते, आणि टंकलेखिका दांडा फिरवून त्यातला एकेक खिळा उचलून कागदावर ठोकी. जुन्या छापखान्यात खिळे वेचणारा कंपॉझिटर ज्यांनी पाहिला असेल त्यांना चित्र लगेच उमगेल. २६ सप्टेंबर १९७८ रोजी तोशिबा कंपनीने, मोरी केनइची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेले, पहिले जपानी शब्दलेखन यंत्र जाहीर केले. वजन २२० किलो, किंमत ६३ लाख येन, आकार मेजाएवढा! पण त्यात ताट नव्हते. उच्चार लिहा, यंत्र आजूबाजूचे शब्द पाहून, व्याकरण पाहून चिन्ह सुचवील, अशी युक्ती होती. शिवाय लिहिणाऱ्याने मागच्या खेपेस काय निवडले ते ते लक्षात ठेवी. आज खिशातल्या फोनमध्ये चालते ती हीच युक्ती.

त्याच १९७८ साली जपानी सरकारच्या मानक-यादीने ६,३४९ कांजींना क्रमांक दिले. यंत्राला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. म्हणून हे आवश्यकच. पण त्या यादीत काही अक्षरे अशी शिरली की ती कुठली, कोणाची, कोणालाच सांगता येईना. त्यांना 'भुताची अक्षरे' असे नाव पडले. पुढे १९९७च्या सुधारणेच्या वेळी शोध घेतला, तेव्हा त्यांतल्या एकाचा उगम मोठा मौजेचा निघाला. एका गावाच्या नावातले अक्षर मूळ यादीत नव्हते, म्हणून कोणीतरी दोन छापील अक्षरांचे कपटे कापून एकाखाली एक चिकटविले. कपट्याच्या कडेची सावली छायाप्रतीत उमटली आणि नकलणाऱ्याने ती रेघ समजून अक्षरात घातली! ते चुकीचे अक्षर आजही जगातल्या प्रत्येक संगणकात सुखाने नांदते आहे.

भुतांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. एके काळी जपानात क्रमांक मांडण्याच्या निदान तीन पद्धती चालत. टपालाची एक, घरगुती संगणकाची दुसरी, मोठ्या यंत्रांची तिसरी. एकीत लिहिलेले दुसरीत उघडले की पडद्यावर नुसता भाताचा काला. याला ते 'मोजिबाके' म्हणतात: 'मोजि' म्हणजे अक्षर, आणि कोल्ह्याने किंवा पिशाचाने वेष पालटावा तसे रूप पालटणे म्हणजे 'बाके'. 'शिवाजी' फॉन्टात टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर रोमन बाराखडीची खिचडी होऊन उघडतो, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना अधिक सांगणे नको. युनिकोडने हा उपद्रव बराचसा घालविला. आणि अक्षराचा क्रमांक कळला पण ते काढून दाखवायला फॉन्टच नसला, की रिकामे चौकोन दिसतात. त्यांना नाव 'तोफू', सोयाबीनच्या पनीराच्या वड्या म्हणून. गूगलच्या 'नोटो' फॉन्टाचे नाव याच तोफूला दिलेल्या नकारातून आले.

आमच्याकडे तोफू दिसला नाही, पण निराळेच विघ्न आले. भाचीने लिहिले होते, 'प्रत्यक्ष येऊन भेटता आले नाही, क्षमा करा.' छापील कागद हातात घेतला आणि ती थबकली. "हे अक्षर चिनी आहे." मला काही फरक दिसेना. तिने बोट ठेवून दाखविले: जपानी वळणात डावीकडून एक रेघ उतरून खाली आडवी वळते, इथे ती नव्हती. झाले होते असे, की युनिकोडमध्ये चिनी आणि जपानी या दोन्ही अक्षरांना क्रमांक एकच. रूप कोणते ते फॉन्टावर अवलंबून. आमच्या यंत्राने आपल्या मनाने चिनी फॉन्ट घेतला. मला लगेच आपला 'ल' आठवला. मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' आणि हिंदी वळणाचा दांडीचा 'ल', क्रमांक एकच! सारा मजकूर निवडून यू मिन्चो हा जपानी फॉन्ट लावला तेव्हा ती रेघ जागेवर आली. जिला ते हाताने उतरवून काढायचे होते तिच्या दृष्टीने ही बारीक गोष्ट नव्हती.

तिसरी रात्र गेली ती एका आडनावात.

आजीबाईंचे आडनाव साइतो. आपल्याकडे जोशी-देशपांडे तसे तिकडे हे. भाचीने उच्चार लिहिला, स्पेसबार दाबला आणि यंत्राने चार साइतो समोर मांडले. दुसरे अक्षर चौघांचे सारखेच, फुलांच्या एका वेलीचे. पहिले मात्र निराळे: एक ८ रेघांचे, एक ११चे, एक १४चे, एक १७चे. यांत मुळात कुळेच दोन. एकाचा अर्थ 'सारखे, समान', दुसऱ्याचा 'शुचिर्भूत होणे', आपल्या भाषेत सोवळ्यात असणे. प्रत्येक कुळाचे एक सोपे रूप, एक जुने. (सरकारी कुटुंब-नोंदवहीसाठी जपानने जी अक्षरे क्रमांकित केली आहेत ती ५५ हजारांवर जातात. शाळेत आणि वर्तमानपत्रांत नित्य लागणारी म्हणून ठरविलेली २,१३६. या दोहोंतले अंतर मुख्यतः माणसांच्या आणि गावांच्या नावांनी भरले आहे.)

"कुठलंही टाक. उच्चार तर एकच ना?" मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असे पाहिले, की परीक्षेत 'दिन' आणि 'दीन' एकच म्हणणाऱ्या मुलाकडे मी पाहतो. "मामा, त्या गेल्यात. त्यांचं नाव चुकीचं लिहू?"

यंत्राने कोणता साइतो पहिला सुचविला होता? ज्याचा वापर जास्त, तो. यंत्राचा त्यात दोष नाही. पण यंत्राच्या अंदाजावर नावे सोडली म्हणजे काय होते, हे जपानने फार महाग शिकले आहे. २००७ साली तिथे उघडकीस आले की निवृत्तिवेतनाच्या सुमारे ५ कोटी नोंदी कोणाच्याच खात्याशी जुळत नाहीत. कारणे अनेक, लग्नानंतर बदललेली आडनावे, चुकलेल्या जन्मतारखा. पण एक कारण असे, की जुनी कागदी खाती यंत्रात चढविताना कांजीतली नावे उच्चारात फिरविली गेली, आणि तो उच्चार पुष्कळदा नुसता अंदाज होता. एकच लेखी नाव कोणी 'युको' वाचते, कोणी 'हिरोको'. बाईचे नाव हिरोको, खाते युकोचे. तिने जन्मभर भरलेली वर्गणी कोण्या न जन्मलेल्या युकोच्या नावावर पडून! म्हाताऱ्या माणसांनी जुन्या पावत्या घेऊन कचेऱ्यांपुढे रांगा लावल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये सत्तारूढ पक्षाने वरिष्ठ सभागृहाची निवडणूक गमावली, त्यात या प्रकरणाचा वाटा मोठा होता. आणि कुटुंब-नोंदवहीत नावाचा उच्चारही लिहून ठेवण्याचा कायदा अमलात आला तो २६ मे २०२५ रोजी. तोपर्यंत माणसाचे नाव कसे वाचावे याची त्या वहीत नोंदच नव्हती!

भाचीला त्या अक्षराची एकच आठवण होती. एका थंड सकाळी स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरली होती, आणि आजीबाईंनी बोटाने आपले नाव त्यावर लिहून दाखविले होते. "खूप रेघा होत्या. पूर्ण होईपर्यंत वरचा भाग ओघळायला लागला होता." एवढ्यावर चौदा की सतरा कसे ठरवायचे? मग तिने पुण्याला आईला फोन केला. ट्रंकेच्या तळाशी नववर्षाचे एक शुभेच्छापत्र होते, ते धुंडायला लावले. ताई बिचारी रात्री अकरा वाजता ट्रंक उपसून बसली. पत्राचे छायाचित्र आले. कुंचल्याचे अक्षर, जरा थरथरते. आम्ही ते मोठे करून पडद्यावर यादीशेजारी ठेवले आणि रेघा मोजू लागलो. मी मोजल्या तर पंधरा भरल्या, तिने मोजल्या तर सतरा. शेवटी निवाडा केला तो मधल्या भागाने. समान-वाल्याच्या दोन पायांमध्ये नुसत्या दोन आडव्या रेघा असतात. आजींच्या अक्षरात त्यांच्याखाली तीन बारीक पाय फुटले होते. सोवळ्यातले, सतरा रेघांचे.

तिने ते निवडले आणि एंटर दाबला.

पत्र उभ्या ओळींत उतरले. शोकपत्रात ऋतुवर्णनाने सुरुवात करायची नसते. एरवी तो त्यांचा शिरस्ता. 'पुन्हापुन्हा', 'वारंवार' अशा अर्थाचे द्विरुक्त शब्दही वर्ज्य, मृत्यू पुन्हा त्या घरी येऊ नये म्हणून. (मराठीत हा नियम आणला तर आम्हांला 'हळूहळू' सावरताही येणार नाही.) शाई फिकी, पाकीट एकपदरी. पेजेची गोष्ट तिने लिहिली का, मी विचारले नाही. खाली स्वतःचे नाव काताकानात. त्यांच्याकडे 'ल' नाही, आणि जोडाक्षर फोडूनच घ्यावे लागते. तेव्हा आमच्या कुलकर्ण्यांचे 'कुरुकारुनि' झाले. उतरवायला तिला दोन तास लागले. चार कागद फुकट गेले. आडनावाचे अक्षर मात्र एकदाही चुकले नाही. त्याचा सराव तिने आधीच जुन्या वर्तमानपत्रावर करून घेतला होता.

नवरात्रात ती पुन्हा आमच्या संगणकावर बसली होती. नागोयाच्या जुन्या ऑफिसातल्या कोणा साहेबांना काही कळवायचे होते. त्यांचेही आडनाव साइतोच. तिने उच्चार लिहिला आणि स्पेसबार दाबला. यंत्राने पहिल्याच झटक्यात सतरा रेघांचे अक्षर पुढे केले.

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "हे नाहीत, मामा," आणि स्पेसबार आणखी एकदा दाबला.